नुसता होकार पुरेसा नाही

४ जुलै २०१५ रोजी बिटकॉइनच्या नियमांत एक छोटा बदल अमलात आला. तो कुणावर अचानक लादलेला नव्हता. नवे सॉफ्टवेअर फेब्रुवारीपासून उपलब्ध होते. शेवटच्या १,००० ब्लॉकांपैकी (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा एकेक गठ्ठा) ९५० ब्लॉकांवर 'आम्ही नव्या नियमाला तयार आहोत' अशी खूण उमटल्यावरच, ब्लॉक क्रमांक ३,६३,७२५ पासून, बदल पूर्णपणे लागू झाला. थोड्याच वेळात एका लहान मायनिंग पूलने, म्हणजे ब्लॉक शोधणाऱ्या मायनरांच्या गटाने, जुन्या पद्धतीचा ब्लॉक काढला. त्याने सॉफ्टवेअर बदललेले नव्हते, त्यामुळे नव्या नियमानुसार हा ब्लॉक अवैध होता.

असे काही घडणार, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. ९५ टक्के तयार आहेत, म्हणजेच ५ टक्के तयार नाहीत. बाकीचे जाळे तो ब्लॉक झटकून टाकेल, त्या पूलची २५ बिटकॉइनची कमाई बुडेल आणि तो निमूटपणे सॉफ्टवेअर बदलेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या अवैध ब्लॉकवर दुसरा ब्लॉक चढला, मग तिसरा, मग चौथा. अवैध साखळी ६ ब्लॉकांची झाली, तेव्हा कुठे वैध साखळीने तिला मागे टाकले. दुसऱ्या दिवशी, ५ जुलैला, पुन्हा तेच घडले. या वेळी ३ ब्लॉक वाया गेले.

ब्लॉक चढवणारे कोण होते, हे पाहिले की सारे प्रकरण वेगळे दिसू लागते. ते मागासलेले मायनर नव्हते. एफटूपूल आणि अँटपूल यांसारखे त्या काळातले बलाढ्य पूल त्यांत होते. नव्या नियमाला होकार देणारी खूण त्यांच्याच ब्लॉकांवर होती आणि ९५० चा आकडा त्यांच्याच जोरावर भरला होता. जाळ्याची जवळजवळ निम्मी संगणकीय ताकद होकार देऊन मोकळी झाली होती, पण समोर आलेला ब्लॉक नियमात बसतो का, हे तपासतच नव्हती.

कालबाह्य मायनरपासून जाळे कसे वाचवायचे, असा प्रश्न निघाला की बहुतेक उत्तरे त्या मागे राहिलेल्या ५ टक्क्यांभोवती फिरतात. त्यांना कसे कळवायचे, कसे भाग पाडायचे, कसे बाहेर ठेवायचे. मला हा रोखच चुकीचा वाटतो. मागे राहिलेला मायनर हा धोक्याचा लहानसा भाग आहे. त्याचा अवैध ब्लॉक न तपासता पुढे नेणारे जोवर आहेत, तोवर त्या ब्लॉकला साखळीचे रूप येत राहणार. म्हणून जाळ्याचे रक्षण करायचे तर सगळा भर पडताळणीवर हवा: ती कोण करतो, तिला किती खर्च येतो, आणि ती टाळल्याची किंमत कोणाच्या खिशातून जाते.

ज्या नियमावरून हे घडले तो सामान्य माणसाच्या दृष्टीने अगदी किरकोळ होता. बिटकॉइनच्या प्रत्येक व्यवहारावर एक डिजिटल सही असते. ती सही कोणत्या साच्यात लिहायची, एवढेच पीटर वुइल यांच्या 'बिप ६६' या प्रस्तावाने काटेकोर केले. तोपर्यंत सह्या तपासण्याचे काम ओपनएसएसएल या बाहेरच्या सॉफ्टवेअरकडे होते आणि ते सैल साच्यातल्या काही सह्याही चालवून घेत असे. जानेवारी २०१५ मध्ये त्याच ओपनएसएसएलची नवी आवृत्ती आली आणि ती अधिक कडक झाली. म्हणजे एकच सही एका संगणकावर वैध आणि दुसऱ्यावर अवैध ठरू शकत होती. ज्या व्यवस्थेत हजारो अनोळखी संगणकांनी एकमेकांना न विचारता एकाच निष्कर्षावर यायचे आहे, तिच्यासाठी यापेक्षा मोठे संकट नाही. त्याहून गंभीर दोष तर वुइल यांनी नियम लागू झाल्यावर, त्याच जुलैच्या अखेरीस, उघड केला: ३२ बिटच्या आणि ६४ बिटच्या संगणकांत काही सह्यांबाबत मतभेद होऊ शकत होता. बदल हवाच होता, याबद्दल मला शंका नाही. लागू करण्याच्या रीतीबद्दल मात्र आहे.

आता त्या मोठ्या पूलांकडे वळू. त्यांनी तपासणी का सोडली? आळस किंवा कपट म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. बिटकॉइनमध्ये सरासरी दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक सापडतो. प्रतिस्पर्ध्याला ब्लॉक सापडला की आपण चालवलेला शोध त्या क्षणी निरर्थक होतो. नव्या ब्लॉकच्या डोक्यावर नवा शोध सुरू करावा लागतो. पण पूर्ण ब्लॉक तेव्हा जास्तीत जास्त १ एमबीचा असे. तो चीनमधल्या पूलपर्यंत पोहोचायला, मग त्यातला प्रत्येक व्यवहार आणि प्रत्येक सही तपासायला काही सेकंद जात. त्या सेकंदांत कोट्यवधींची यंत्रे जुन्याच ब्लॉकवर फुकट राबत. यावर पूलवाल्यांनी युक्ती काढली. ते प्रतिस्पर्ध्याच्या पूलमध्ये साधा कामगार म्हणून नाव नोंदवत. तिथल्या कामगारांना नव्या ब्लॉकवरचे काम दिले गेले, की त्यातूनच नव्या ब्लॉकची ओळख पटे. ब्लॉकचे शीर्षक अवघे ८० बाइटचे असते. पुढचा ब्लॉक बांधायला तेवढ्यातली माहिती पुरते. आतले व्यवहार माहीत नसल्याने आपल्या ब्लॉकमध्ये काही भरता येत नाही, म्हणून असा ब्लॉक बहुधा रिकामा निघे. पण बक्षिसाचे २५ बिटकॉइन तेव्हा रिकाम्या ब्लॉकलाही मिळत.

सरकारी कचेरीतल्या फाइलीचा प्रवास ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गोष्ट लगेच उमगेल. खालच्याने सही केली आहे म्हणून वरचा सही करतो, त्याची पाहून त्याच्या वरचा. शेवटी फाइलीवर सात सह्या असतात आणि मूळ कागद एकानेही वाचलेला नसतो. त्या ६ ब्लॉकांचे नेमके हेच झाले. प्रत्येक पुढचा ब्लॉक मागच्याला दुजोरा देत गेला आणि दुजोऱ्याच्या संख्येवरून खरेखोटे ठरवणाऱ्याला ती साखळी दर ब्लॉकगणिक अधिकाधिक खरी वाटत गेली.

असे ठरवणारे लोक खूप होते. मोबाइलवरची हलकी वॉलेट पूर्ण साखळी उतरवून घेत नाहीत. ती फक्त शीर्षके पाहतात आणि ज्या साखळीमागे सर्वांत जास्त संगणकीय श्रम दिसतात ती खरी मानतात. मायनर तपासत असतीलच, हा त्यामागचा विश्वास. सातोशी नाकामोतो यांच्या २००८ च्या मूळ निबंधात या पद्धतीचे वर्णन आहे आणि तिची मर्यादाही तिथेच सांगितली आहे: प्रामाणिक नोडांच्या, म्हणजे जाळ्यातल्या तपासणी करणाऱ्या संगणकांच्या, हाती जाळे असेपर्यंतच ती भरवशाची, आणि ज्यांच्याकडे वारंवार पैसे येतात अशा व्यावसायिकांनी स्वतःचा नोड चालवणेच बरे. जुलै २०१५ मध्ये गंमत अशी, की मायनरही हलक्या वॉलेटसारखेच वागत होते. वॉलेट मायनरवर विसंबले होते आणि मायनर दुसऱ्या मायनरवर. हलकी वॉलेट, वेबवरची वॉलेट आणि बिटकॉइन कोअर या नोड चालवण्याच्या सॉफ्टवेअरच्या ०.९.५ च्या आधीच्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना तेव्हा इशारा द्यावा लागला, की नेहमीपेक्षा ३० कन्फर्मेशन, म्हणजे व्यवहारावर चढणारे ३० ब्लॉक, जास्त थांबा. म्हणजे आणखी सुमारे पाच तास. ज्याने स्वतःचा अद्ययावत नोड चालवला होता त्याला यातले काहीच करावे लागले नाही. त्याच्या संगणकाने पहिलाच अवैध ब्लॉक नाकारला होता आणि त्याच्यापुरती साखळी कधी दुभंगलीच नव्हती.

यावर एक बळकट आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. व्यवस्था अखेर सावरलीच ना? दोन दिवसांत ९ ब्लॉक बाद झाले, २२५ बिटकॉइनची कमाई बुडाली आणि ती बुडाली निष्काळजी पूलांचीच. मग बक्षीस आणि दंडाची यंत्रणा बरोबर चालली, असेच म्हणायला हवे. हे अर्धे खरे आहे. दंड पूलांना झाला, पण जोखीम त्यांच्या एकट्याची नव्हती. त्या काळात एखाद्या दुकानदाराने हलक्या वॉलेटवर तीन-चार कन्फर्मेशन पाहून माल दिला असता, तर त्याचे पैसे नाहीसे होऊ शकले असते, आणि तो ना कोणत्या पूलचा भागीदार होता ना त्याने कसला होकार दिला होता. नफा एकाचा आणि धोका दुसऱ्याचा, अशी रचना असली की नफेवाला पुन्हा तेच करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३ ब्लॉकांची अवैध साखळी निघाली, यावरून दंडाचा धाक किती होता हे दिसते.

इथे एक समजूत तपासून घ्यायला हवी, कारण रक्षणाचा सारा विचार तिच्यावर उभा आहे. 'सर्वांत लांब साखळी ती खरी' असे सर्रास सांगितले जाते. खरा नियम असा आहे, की वैध साखळ्यांपैकी जिच्यामागे सर्वाधिक श्रम आहेत ती खरी. वैधतेचा निकाल आधी लागतो, श्रमांची मोजणी नंतर. अवैध साखळी हजार ब्लॉक लांब असली तरी पूर्ण नोडच्या लेखी ती शून्यच.

वैध म्हणजे नवे, असेही नाही. मार्च २०१३ ची घटना मला २०१५ पेक्षाही जास्त शिकवणारी वाटते. बिटकॉइनच्या ०.८ आवृत्तीत माहिती साठवण्याचे तंत्र बदलले होते. ११ मार्चला एक मोठा ब्लॉक निघाला, क्रमांक २,२५,४३०. नव्या आवृत्तीने तो स्वीकारला. जुन्या ०.७ आवृत्तीच्या डेटाबेसला एका वेळी घेता येणाऱ्या कुलपांची मर्यादा होती; ती ओलांडली गेल्याने जुन्या नोडांनी ब्लॉक नाकारला. अशी मर्यादा आपल्या नियमांत दडलेली आहे, हे कुणाला माहीतच नव्हते. बहुसंख्य ताकद नव्या आवृत्तीकडे होती, साखळी तिचीच लांब होती, आणि रूढ अर्थाने 'कालबाह्य' जुने मायनरच होते. तरीही चर्चेअंती जुनी बाजू धरायचे ठरले, कारण दुकाने, एक्सचेंज, सामान्य वापरकर्ते यांच्यातले खूप जण जुन्या आवृत्तीवर होते. बीटीसी गिल्ड या तेव्हाच्या मोठ्या पूलने स्वतःचे नुकसान सोसून जुनी आवृत्ती पुन्हा चालू केली. सुमारे सहा तासांनी जाळे एकत्र आले; नव्या बाजूचे २४ ब्लॉक बाद झाले. मधल्या काळात ओकेपे या कंपनीच्या खात्यात सुमारे १०,००० डॉलरचा दुहेरी खर्चही (तेच पैसे दोनदा खर्चणे) झाला. त्यानंतर सर्वांना बदलासाठी १५ मे २०१३ पर्यंत मुदत देण्यात आली.

कालबाह्य कोण, हे आवृत्तीच्या आकड्यावरून ठरत नाही, हा त्या रात्रीचा निवाडा होता. ज्या नियमांवर विसंबून लोक माल देतात-घेतात ते नियम प्रमाण, आणि ते बदलायचे तर पुरेसा अवधी देऊन. मायनर किती ताकदवान आहे याला तिथे दुय्यम स्थान मिळाले. माझ्या मते बिटकॉइनच्या इतिहासातला तो सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे.

मग २०१५ च्या रीतीत चुकले काय? दोन गोष्टी ठळक आहेत. एक, ९५० चा आकडा भरताच जुन्या पद्धतीच्या ब्लॉकांवरची बंदी लगेच लागू झाली; ज्यांना जागे व्हायचे होते त्यांना फुरसत उरली नाही. दुसरी अधिक सूक्ष्म. त्या लहान पूलच्या ब्लॉकला अवैध ठरायला त्यात सैल साच्यातली सही असण्याची गरजच नव्हती. ब्लॉकवर आवृत्ती ३ ऐवजी २ लिहिलेली असणे एवढेच पुरेसे होते. मागे राहिलेल्याचा प्रत्येक ब्लॉक आपोआप अवैध, म्हणजे अवैध ब्लॉकांचा पुरवठा आपण होऊन निर्माण केल्यासारखेच झाले. मायनरांना लवकर बदलायला लावणे हा त्यामागचा हेतू होता; पण बाकीचे तपासतात हे गृहीतक खोटे निघताच तोच उपाय अंगाशी आला.

पुढच्या 'बिप ९' या पद्धतीने दोन्ही उणिवा भरून काढल्या. मोजणी २,०१६ ब्लॉकांच्या ठरावीक खंडांत होऊ लागली आणि आकडा भरल्यावर आणखी एक पूर्ण खंड, म्हणजे साधारण दोन आठवडे, थांबायचे ठरले. नुसत्या आवृत्तीच्या आकड्यावरून ब्लॉक नाकारणेही थांबले. आता जुन्या मायनरचा ब्लॉक नवा नियम प्रत्यक्ष मोडणारा व्यवहार त्यात असेल तरच बाद होतो. आणि असा व्यवहार जुने सॉफ्टवेअर सहसा आपणहून घेतच नाही, कारण अनोळखी घडणीचे व्यवहार ब्लॉकमध्ये न घालण्याची सावध सवय त्यात आधीपासून आहे. त्यामुळे झोपलेला मायनर झोपेतही बहुधा वैध ब्लॉकच काढतो. टॅपरूट हा बदल जून २०२१ मध्ये पक्का झाला आणि १४ नोव्हेंबर २०२१ ला, ब्लॉक ७,०९,६३२ पासून लागू झाला. मधले पाच महिने जाणूनबुजून ठेवले होते. मागे राहणाऱ्याला वगळण्यापेक्षा त्याच्या हातून अपघात होऊ नये अशी रचना करणे हेच खरे रक्षण, असे मी मानतो.

याच्या नेमका उलटा मार्गही काही जाळ्यांनी पत्करला आहे. झीकॅशचे झीकॅशडी हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध झाल्यापासून सुमारे १६ आठवड्यांनी आपोआप बंद पडत असे. नवी आवृत्ती घेतल्याशिवाय नोड चालतच नसे. इथेरियममध्ये प्रूफ ऑफ वर्कच्या, म्हणजे मायनिंगच्या, काळात 'डिफिकल्टी बॉम्ब' होता: ठरावीक काळानंतर मायनिंगची काठिण्यपातळी झपाट्याने वाढत जाई, त्यामुळे जुन्या नियमांवर अडून बसलेली साखळी हळूहळू गोठावी अशी योजना. हे उपाय परिणामकारक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. कालबाह्य मायनर उरतच नाहीत. पण सॉफ्टवेअर मुदतीने मरत असेल तर पुढचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता जाते. पटले नाही तर जुन्याच नियमांवर राहण्याचा हक्क हा या सगळ्या प्रयोगाचा गाभा आहे. तो काढून घेतला, तर मध्यवर्ती संस्थेपासून सुटका करून घेण्यासाठी इतकी वीज आणि इतके कष्ट खर्च करण्याचे कारणच राहत नाही. लहान, वेगाने बदलणाऱ्या जाळ्याला सक्ती परवडत असेल. ज्यावर लोकांची बचत उभी आहे त्या जाळ्याला परवडू नये.

धोका मायनरांपुरता मर्यादित राहिलेला नाही, हे ११ नोव्हेंबर २०२० ला इथेरियमने दाखवले. गेथ या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत दोष होता. नव्या आवृत्तीत तो गाजावाजा न करता दुरुस्त केला होता, जेणेकरून कुणी त्याचा गैरफायदा घेऊ नये. मग एका व्यवहाराने तो दोष जागा केला आणि जुन्या आवृत्तीचे नोड वेगळ्या साखळीवर गेले. त्यांत इन्फ्युराचेही नोड होते, ज्यांच्यावर मेटामास्कसारखी वॉलेट आणि असंख्य सेवा विसंबून आहेत. बायनान्स या एक्सचेंजला इथरचे पैसे काढण्याचे व्यवहार काही काळ थांबवावे लागले. गुप्ततेमागचा हेतू मला समजतो, तरी तिची किंमत स्पष्ट आहे: दोषच सांगितला नाही, तर घाई का करायची हे मागे राहिलेल्याला कळणार कसे? निदान आवृत्ती बदलणे तातडीचे आहे एवढे तरी कारण न सांगता ठणकावून सांगता येते. आपल्याकडे मुंबई-पुण्यात बसून ॲपवरून क्रिप्टो घेणाऱ्या बहुतेकांचा स्वतःचा नोड नसतो. त्यांचे जाळ्याशी नाते अशाच कुणाच्या तरी सर्व्हरमार्फत असते. तो सर्व्हर कोणती आवृत्ती चालवतो, हा प्रश्न ॲपला विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

पडताळणी टाळणाऱ्याला नुसता उपदेश करून भागत नाही. तपासणीच स्वस्त व्हायला हवी. २०१५ नंतरचे सर्वांत मोलाचे काम मला या आघाडीवर झालेले दिसते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बिटकॉइन कोअरने सह्या तपासायला स्वतःची लायब्ररी आणली. ६४ बिटच्या संगणकांवर ती आधीपेक्षा पाचपटींहून वेगवान होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'कॉम्पॅक्ट ब्लॉक' आले. जे व्यवहार नोडकडे आधीच पोहोचले आहेत ते पुन्हा पाठवण्याऐवजी त्यांच्या छोट्या खुणाच पाठवल्या जातात आणि ब्लॉक क्षणार्धात पोहोचतो. न तपासण्यातून वाचणारे सेकंद असे घटत गेले आणि मोहही घटला. कोणत्याही दंडाने साधले नसते ते इथे अभियांत्रिकीने साधले.

सप्टेंबर २०२३ मध्ये मॅराथॉन डिजिटल या अमेरिकी कंपनीच्या पूलने ८,०९,४७८ या उंचीचा अवैध ब्लॉक काढला. आतल्या व्यवहारांचा क्रम चुकला होता. नोडांनी तो नाकारला, त्या उंचीवर दुसऱ्याचा ब्लॉक बसला, आणि साखळी पुढे गेली. २०१५ मध्ये जे व्हायला हवे होते ते या वेळी झाले.

तरीही एक दार उघडे आहे. पूलमध्ये राबणाऱ्या यंत्राच्या मालकाला आजही बहुतेक ठिकाणी पूलकडून तयार काम येते. त्याच्या यंत्राची वीज कोणत्या व्यवहारांच्या बाजूने जळते आहे, ज्या ब्लॉकवर तो बांधतो आहे तो कुणी तपासला आहे का, हे त्याला कळत नाही. काही पूल तर दुसऱ्या पूलने आखलेलेच ब्लॉकचे मसुदे पुढे पाठवतात. स्ट्रॅटम व्ही २ या नव्या प्रोटोकॉलमध्ये ब्लॉकचा मसुदा मायनरला स्वतःच्या नोडवरून तयार करता येतो. म्हणजे मागचा ब्लॉक तपासल्याशिवाय त्याचे काम सुरूच होत नाही. तंत्र तयार आहे, पण मोठ्या पूलांना ते घाईने आणावेसे वाटत नाही, कारण मसुदा हातात ठेवण्यातच त्यांचे वजन आहे. ही मागणी यंत्रांच्या मालकांनीच करायला हवी. वीजबिल तेच भरतात, आणि पुढचा अवैध ब्लॉक चढवताना यंत्रेही त्यांचीच वापरली जातील.